पाचवं नाव

आज बुधवार. सकाळी आठला रेशनचं दुकान उघडलं, दुपारपर्यंत तांदूळ वाटला, तीनला बंद केलं. जेवलो नाही अजून.

माय, ती आज आली होती. पलीकडच्या आळीतली मावशी, जिचा पोरगा माझ्याबरोबर तुझ्या अंगणवाडीत होता. मशीनवर अंगठा लावण्याआधी तिने लॅमिनेशन केलेला लसीचा कागद काढून काट्याशेजारी ठेवला. दर महिन्याला ठेवते. "मावशी, आता नाई लागत हा. किती डाव सांगू?" "राहू दे ना बापू. तुलेच पाह्यजे होता." मागच्या बाया हसल्या, तीही हसली. मी तांदूळ मोजला.

तू गेल्याला वीस वर्षं झाली, तुला हे कुठून माहीत असणार. मध्ये कोरोना नावाचा आजार आला, आपल्या आळीतलीच तीन माणसं गेली. मग शाळेत लसीचं शिबिर झालं. मावशी सुईला किती भिते ते तुला सांगायला नको, पण आली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुयी माय असती तं तिनंच आणलं असतं मले." नोंदीला मोबाईल माझाच. एका नंबरावर चारच नावं चढत, तिचं पाचवं. नर्सबाईंनी ते वहीत लिहिलं आणि ते वहीतच राहिलं, म्हणून तिचा कागद निघालाच नाही. पुढे वरच्या ऑफिसातून कुणीतरी फोनवर सांगितलं, लसीचा कागद नसेल त्याला तांदूळ देऊ नका. लेखी काही आलं नाही, मीही मागितलं नाही. वाटलं, तांदळासाठी तरी लोक सुई घेतील. दोन घरांनी घेतलीही, म्हणून त्यात काहीच बरं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. पण मावशीने सुई घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिलाच म्हणालो, "कागद आण." दवाखान्याच्या खेपा घालून, मंडळाच्या गावी, बाजारहत्नूरला जाऊन तिने तो आणला, बाराव्या दिवशी.

मला तुझी ती दुपार आठवते. मावशीची थोरली पोरगी तापाने गेली होती, त्याच आठवड्यात तिला सुई दिलेली. मावशीने दोन्हींची गाठ मनात बांधली आणि धाकट्याला पोलिओचे थेंबही देऊ देईना. सुपरव्हायजर बाई खुर्चीतून म्हणतात, "उसका खाना बंद करो, दौडके आएगी." तू चुलीपुढे बसलेली. "मॅडम, दवा अलग, खाना अलग," म्हणतेस आणि पोराच्या ताटलीत खिचडी वाढतेस. संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसतेस, थेंबांचं बोलतेस, ती नाही म्हणते, दुसऱ्या दिवशी परत जातेस. मी विचारलं होतं, "रोज रोज काऊन जातं वं माय?" "तिले भेव वाटते. मले काय, चार पावलं तं हाये घर." पावसाळा सरल्यावर ती पोराला कडेवर घेऊन स्वतःच आली.

आज तू दुकानात नुसती येऊन बसली असतीस, काही न बोलता, तरी चाललं असतं.

एक राहिलं. मी सगळ्यांना सांगत आलो की तिला दारातूनच परत पाठवलं. तसं नव्हतं. तांदूळ तिच्या पिशवीत पडला होता. मग मी कागद मागितला, आणि ती पिशवी पोत्यात उलटी केली. दुसरं टोक तिने धरलं होतं, सांडू नये म्हणून.

हे पान तुझ्या अंगणवाडीच्या जुन्या वहीत ठेवतो. आता सुपात तांदूळ घेतलाय, एकट्यापुरता. खडे निवडतो.