वडिलांचे बूट आणि माझी मोहीम

१७ मार्च
ठरलं. गावामागच्या बर्फाच्या सुळक्यावर जुन्या पद्धतीनं चढायचं. अंगात लोकरी कोट, पायात वडिलांचे खिळे ठोकलेले बूट, कमरेला त्यांचाच तागाचा दोर. ऑक्सिजन नाही, मोबाईलवरचं हवामान नाही. वडील गोऱ्या साहेबांच्या सुरुवातीच्या मोहिमांवर ओझी वाहायला होते. तेव्हाची चढाई ती चढाई! हल्ली खालपासून वरपर्यंत दोर आधीच बांधलेला असतो. तो धरायचा, तोंडाला नळी लावायची, वर जाऊन फोटो काढायचा. कठडा धरून जिना चढल्यासारखं.

छामजीशी पैज लागली. छामजी म्हणजे माझी मुलगी. गाईडचं सर्टिफिकेट आहे, यंदा चोमोलुंग्मावर, म्हणजे तुमच्या एव्हरेस्टवर, गिऱ्हाईक घेऊन चालली आहे. मी सुळक्यावर पोचलो तर तिनं मोसमभर घरी राहून आमचा लॉज सांभाळायचा. नाही पोचलो तर मी मुकाट्यानं तिच्या गळ्यात खादा, आशीर्वादाचं रेशमी उपरणं, घालून निरोप द्यायचा. ती हसत हसत तयार झाली. हसू दे.
लॉजमध्ये माणूस कमी पडतं, एवढंच कारण. दुसरं काही नाही.

१८ मार्च
तयारी. डायनिंग हॉलच्या भिंतीवरून बूट उतरवले. इतकी वर्षं झाली तरी खिळे नव्यासारखे लखलखीत. वडिलांचं पाऊल किती हलकं असेल! फूती (बायको) म्हणाली, हलकं कसलं, झिजतील म्हणून कधी पायात घातलेच नाहीत, गळ्यात अडकवून हिंडले. बायकांना मोहिमेतलं काय कळतं.

दोर तिनं अंगणात चादरी वाळत घालायला बांधला होता. तो सोडला. ओल्या चादरी तिनं माझ्याच अंगावर टाकल्या.
व्यायाम राहिला. वाटेत होईलच.

१९ मार्च, संध्याकाळ
प्रस्थान. लामांनी धुपीच्या पाल्याचा धूर केला, मंत्र म्हटले. जुन्या काळी मोहीम गुपचूप निघत नसे, म्हणून काल गावभर सांगून ठेवलं होतं. तिथं जरा चुकलं. प्रत्येक दारात माणूस उभा, एका हातात खादा, दुसऱ्या हातात छांगचा, घरी गाळलेल्या दारूचा पेला. आमच्यात, शेर्पांत, यजमान तीनदा आग्रह करतो आणि तिसऱ्यांदा कुणी नाही म्हणत नाही. ओंगमू म्हातारी म्हणाली, ग्यालझेन, तुझ्या बापालाही मीच ओतली होती, तू कोण मोठा लागून गेलास! तिचा अपमान कसा करणार? तिच्यापुढच्या घरांचा तरी कसा करणार?

पहिला कॅम्प टाकला. जागा: गावातलं शेवटचं घर, चुलीजवळ. इथून आमचा लॉज दिसतो. फूतीनं तिथूनच ओरडून विचारलं, जेवायला येताय की कॅम्पवरच वाढू?
जेवून कॅम्पवर परत आलो. शिस्त म्हणजे शिस्त.

२० मार्च
डोकं फार दुखतंय. विरळ हवा. फूती म्हणते, जन्मल्यापासून हीच हवा आहे. दुर्लक्ष केलं. मोहीम एक दिवस स्थगित.

२१ मार्च
पहाटेच निघालो. याकच्या कुरणापर्यंत उत्तम प्रगती. बर्फ सुरू झालं आणि उजव्या बुटाचा तळ गळून पडला. थोड्या वेळानं डाव्याचा. चामड्याचा दर्जा पूर्वीसारखा राहिलेला नाही.

मोज्यांवर थोडं चढलो. मग बसलो. ही माघार नाही, निरीक्षण. समोर चोमोलुंग्मा, शेंड्यावरून बर्फाचा धुरळा उडत होता. एवढ्या वाऱ्यात छामजी तिथं असेल, असं मनात आलं आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. थंडीच तशी होती.

छामजी मागेच होती. गावापासून माझ्या मागावर. म्हणाली, आबा, निरीक्षण झालं असेल तर चला, बोटं निळी पडली आहेत. पाठीवर डोको होता, आमची वेताची टोपली. त्यात मला बसवलं, पट्टा कपाळाला लावला आणि उठली. माझं वजन काही कमी नाही. कुठं थांबली नाही. डोकोत माणूस उलट्या तोंडानं बसतो, त्यामुळे उतरेपर्यंत तोच डोंगर डोळ्यांसमोर.

गावात परतीची छांग. पुन्हा प्रत्येक दारात. ओंगमू म्हातारी म्हणाली, बापानं साहेबाला असंच उतरवलं होतं, आता पोरगी तुला उतरवते. मधल्या मधे तू तेवढा ओझं निघालास!

२४ मार्च
पैज मी हरलेलो नाही, बूट हरले. पण शब्द दिला होता. सकाळी छामजीला खादा घातला. बूट तळांशिवाय भिंतीवर टांगले, दोर अंगणात परत बांधला. त्यावर चादरी.

इथं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. लॉजमध्ये माणूस कमी पडत नाही. मला भीती वाटते.

निघताना तिच्याच मोबाईलवर वरचं हवामान बघायला लावलं. मग पुन्हा एकदा. ऑक्सिजनच्या बाटल्या किती, ते विचारलं. म्हणाली, पुरेशा आहेत. म्हटलं, स्वतःसाठी एक जास्त घे. म्हणाली, नको, आबा, तुम्हीच म्हणता ना, जिना तर चढायचा आहे. म्हटलं, तरी घे. म्हणाली, नको. तिचा हात धरून तिसऱ्यांदा म्हटलं.
तिसऱ्यांदा आमच्यात नाही म्हणत नाहीत.