बाबांच्या चित्रामागे

काराकोल, १२ ऑगस्ट १९९६

ती. उलजान एजेस,

सलाम. वि. वि. आम्ही दोघे खुशाल आहोत. गाडी तर कुबातपेक्षाही खुशाल आहे. इथल्या चित्रसंग्रहालयात बाबांचं चित्र नाही. मांडीवर कोकरू घेतलेला तरुण मेंढपाळ, डावा कान फाटका, असं मी तिथल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की मेंढपाळ आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचे कान शाबूत आहेत. हे बाबांना वाचून दाखव.

बाबांच्या तरुणपणी तो चित्रकार त्यांचं अर्धं चित्र घेऊन गेला, ते पुढे कुठल्या भिंतीवर लागलं, हे बाबांना या आजारपणातच का आठवावं, याचा विचार मी करत नाही. निघताना त्यांनी माझा हात लवकर सोडला नव्हता. काही कमीजास्त वाटलं तर तालासच्या पोस्टात लिही, मी लगेच मागे फिरेन. त्या वेळी मला तिथे असायचं आहे.

आहे ती माया असू दे.
तुझी धाकटी बहीण, कालिपा

अतबाशी, १८ ऑगस्ट

चि. कालिपास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून बाबा हसले, मग खोकले. चित्रकाराने कान सांधून काढायचं कबूल केलं होतं म्हणे, तेव्हा चांगल्या कानांचे मेंढपाळही नीट बघा, असा त्यांचा निरोप आहे.

ते थोडं थोडं खातात. डॉक्टर येऊन गेला. काल बाबांनी दादाला विचारलं की अंगणात मोठा तंबू उभारायचा झाला तर कुठे बसेल. आईने विषय बदलला. तू घाबरू नकोस. चित्र सापडलं तर त्यांना बरं वाटेल. कुबात जावईबापूंना सांग, घाटात गाडी जपून हाका.

आठवण ठेव.
उलजान

तालास, २२ ऑगस्ट

ती. उलजान एजेस,

सलाम. वि. वि. पत्र मिळालं. इथेही चित्र नाही. पोस्टात कुबातला दादाचा फोन आला. बाहेर येऊन म्हणाला की दादाला टायर हवे आहेत. बाबांचं विचारलं तर म्हणाला, तसेच आहेत.

तेव्हापासून याला गिअरबॉक्सचा आवाज ऐकू येतो आणि परत जायचं आहे. मी गाडी मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, गिअरबॉक्स मालकापेक्षा जास्त जगेल. मग मी कुबातला बोलले, की चित्रकलेचा मास्तर आणि चित्रांचाच कंटाळा, सासऱ्याचं एवढं काम जड झालं का. तो नुसती गाडीची काच पुसत बसला. एरवी एक टोमणा फुकट जाऊ देत नाही.

उतरलो तिथल्या म्हाताऱ्या बाईने आज सगळ्यांच्या आधी मला चहा दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला ते आवडलं नाही. पण तशी बातमी असती तर वडीलधारे मिळून आले असते, मला मध्ये बसवून सांगितलं असतं. वाटेत एकट्यादुकट्याने कुणी सांगत नाही. कुणी आलेलं नाही, म्हणजे काही झालेलं नाही. उद्या ओशला निघतो.

लोभ राहू दे.
कालिपा

ओश, २५ ऑगस्ट

ती. उलजान एजेस,

सलाम. वि. वि. बाबा सापडले! जिन्याजवळच्या भिंतीवर आहेत, आणि कान फाटकाच काढला आहे. चित्रकाराने शब्द मोडला, बरं केलं. कुबात चित्रासमोर रडला. मी विचारलं तर म्हणाला, रंग किती टिकलेत बघ.

तो घाई करतो आहे. बिश्केक-कोचकोरचा लांबचा रस्ता सोडून आम्ही काझारमानच्या घाटाने येतो आहोत. पत्राआधी आम्हीच पोचू, तरी बसवाल्याकडे देते, कारण आनंद आवरत नाही.

कालिपा

अतबाशी, ८ ऑक्टोबर

चि. कालिपास,

आशीर्वाद. वि. वि. तुझं ओशचं पत्र काल मिळालं, बाबांचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर. आईला वाचून दाखवलं नाही.

तुझ्यासाठी बाबांना अंगणातल्या तंबूत ठेवता येईल तितकं ठेवलं. मग मुल्ला म्हणाला, या उन्हात आता नको. दादा अजून रागात आहे. कुबातला तालासला स्पष्ट सांगितलं होतं, तिला कोचकोरला आणून सोड, तिथे म्हातारे बसलेत, ते सांगतील. हा चित्रं बघत गेला. दादा म्हणतो, बाबांच्या वर्षाच्या जेवणाला त्याने येऊ नये. तुझं काय म्हणणं?

तुझीच,
उलजान

बालिकची, १५ ऑक्टोबर

ती. उलजान एजेस,

सलाम. वि. वि. दादाला सांग, त्याने कुबातला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, तिला आण आणि तिला सांगू नकोस. चित्र सापडल्याशिवाय मी यायला तयार नव्हते. तेव्हा दोन्ही पाळणं कुणालाच जमलं नसतं. कुबातने एक पाळली. त्याला बोलावणं नसेल तर मीही येणार नाही.

म्हातारे कोचकोरला वाट बघत बसले आणि आम्ही दुसऱ्याच अंगाने आलो. लवकर घरी पोचण्यासाठी काझारमानकडे वळलो होतो. फाटकाशी कुबात म्हणाला, थांब, मी आधी जातो. मला वाटलं, गोड बातमी त्यालाच सांगायची आहे. म्हणून मी त्याच्या पुढे पळाले आणि ओरडले की बाबा, कान फाटकाच काढलाय! तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलेली आई वळली. आपल्याकडे मुलगी वेशीपासून आक्रोश करत येते, मी हसत आले. बायका अजून बोलतात ते माझ्या कानावर येतं. बोलू दे.

एक मागणं आहे. तंबूत दोघी मुलींनी म्हणायचं शोकगाणं तू एकटीने म्हटलंस. माझ्या वाटचं काय म्हणालीस ते कुणी सांगत नाही. लिहून पाठव. मी इथे आमच्या घरी भिंतीकडे तोंड करून म्हणेन. कुबात म्हणतो, तो बाहेर काठी टेकून उभा राहील, जसे तंबूबाहेर पुरुष उभे राहतात.

लवकर पाठव.
कालिपा