चौथ्या दिवशी सुट्टी

१३ नोव्हेंबर २०१८, नागपूर
काल मोठ्या आतड्याचा नऊ इंच तुकडा काढला. कॅन्सर. ऑपरेशनच्या दोन तास आधी गोड पाणी पाजलं, तर माझा मोठा भाऊ नंदलाल सिस्टरवर खेकसला — "उपाशी ठेवाचं सोडून सरबत पाजून राह्यले!" संध्याकाळीच उभं केलं. आज पेज, आतडी जागी व्हावी म्हणून च्युइंगम. लवकर खा, लवकर चाल, लवकर घरी — अशी ही नवी पद्धत. मला पटली. रोजची पावलं लिहायचा तक्ता मागून घेतला. ४० पावलं, ६५, ११०. आयटीआयची पायरी न चढता मोटार रिवाइंडिंग शिकलो, हे काय अवघड!

१४ नोव्हेंबर
वारा सरला. सकाळी ६.१०. सिस्टरनं टाळी वाजवली.

१७ नोव्हेंबर, लाखनी
काल घरी आलो. चौथ्या दिवशी!
मालनवहिनी स्वयंपाकघरात माझ्या बायकोला, निर्मलाला सांगत होत्या — "पोट फाडलेला माणूस पंधरा दिवस खाटेवर रायते. चौथ्या दिवशी धाडला म्हंजे डॉक्टरनं जबाब देला ना, बाई, हात टेकले!" मी अंगणात चालत होतो. ३२०. मला बघून पदर डोळ्याला — "दिवा इझाच्या आंधी असाच भडकते."

२० नोव्हेंबर
सानगडीहून दोन गाड्या भरून नातेवाईक. शेवटची भेट! माझ्याहून मोठ्या माणसांनी माझे हात धरून माफी मागितली. मी तक्ता पुढे केला. कोणी पाहिला नाही. अडाणी!

२८ नोव्हेंबर
आतड्याचा तपासणी रिपोर्ट आणायला भाऊ नागपूरला गेला. "साफ हाये." कागद? "दवाखान्यातच ठेवून घेतला." काय हा गलथानपणा! आज २१००.

९ डिसेंबर
दुकान उघडलं. ईश्वर आपली पाणबुडी मोटार उचलून घेऊन गेला — "राहू द्या भाऊ, भंडाऱ्याले करतो. तुमी आराम करा." वीस वर्षांचं गिऱ्हाईक!
निर्मला रोज माझ्या आवडीचं रांधते. मिठावरून बोललो तरी उलटून बोलत नाही. घर आहे की खानावळ?

३ जानेवारी २०१९
४२००. एकानंही विचारलं नाही.

१५ जानेवारी
दवाखान्यातल्या सिस्टरनं दुकानाचा नंबर शोधून फोन केला. "काका, केमोले काहून नाही आले? चौदापैकी पाच गाठींमध्ये रोग निघाला ना! तुमच्या भावाले तीनदा सांगितलं — आठ आठवड्यांच्या आत सुरू कराची होती."
आज नऊ आठवडे एक दिवस.
भाऊ खाली बघत म्हणाला, "कायले तरास द्याचा होता तुले? जेवढे दिवस हायेत तेवढे सुखाचे..."
निर्मलाकडे पाहिलं. तिनं नजर उचलली नाही.
उद्या पहिल्या बसनं नागपूरला जातो. एकटा.