रुखमिणी कामचोर नव्हती

प्रिय रुखमिणी,

तुला जाऊन साठ वर्षं झाली, बहिणी. धानाच्या रोवणीत हातपाय ठणकले की तू बांधावर बसायचीस अन् मला शाळेतली कविता म्हणायला लावायचीस. सारे तुला कामचोर म्हणत. एकदा मीही म्हणालो.

माझ्या नातीला, चंदाला, तेच दुखणं आहे. डॉक्टर त्याला सिकलसेल म्हणतात, घराण्यात रक्तातून उतरणारा आजार. सरकार आता ते अपंगत्वात धरते, म्हणून तिला बारावीच्या पेपरला जादा वेळ मिळाला.

शेजारीण म्हणाली, "अपंग लिवून घेतलं? पोरीचं लगन कसं होईन?"

चंदा हसली. "काकू, दुखणं तं पयलेपासूनच होतं. वेळ आत्ता भेटला."

आज ती बारावी पहिल्या श्रेणीत पास झाली! पेढे वाटताना मी घरोघरी सांगितलं, "आमची रुखमिणी कामचोर नव्हती."

तुझाच,
भैयाजी दादा