दहा नंबरचं दार

बाबा, काल एक फ्लॅट ताब्यात घेतला. कंपनीचाच, दोन बेडरूमचा, अबुधाबीत आपण राहायचो तिथून गाडीने दहा मिनिटांवर. रिकाम्या खोल्या तपासायच्या, चाव्या घ्यायच्या, फॉर्मवर सही करायची, हे माझं काम. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे तुमची मुलगी लोकांना घरं रिकामी करायला लावते हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. हुद्द्याचं इंग्रजी नाव भारदस्त आहे, पण तुमच्यापुढे ते कशाला मिरवू. तर हॉलच्या भिंतीवरून हात फिरवताना एका जागी अंगठ्याला मऊ लागलं. नख लावून वास घेतला. टूथपेस्ट होती.

तुम्ही ड्राफ्ट्समन. दिवसभर दुसऱ्यांच्या व्हिलांचे नकाशे काढायचात आणि संध्याकाळी इंग्लंडच्या पंतप्रधानाच्या घरात शिरायचात. तुमचा ब्रिटिश साहेब वाचून झालेली मासिकं द्यायचा, त्यातल्या कात्रणांची तुमची ती जाडजूड फाइल. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, शर्टाच्या खिशात अजून पेन आहे. दहा नंबर डाउनिंग स्ट्रीट बाहेरून अगदी साधं दिसतं आणि आत शंभरेक खोल्या, हा नकाशा कसा जुळवला असेल, याचं तुम्हाला कोण कौतुक. ते दार बाहेरून उघडतच नाही, आतून कोणीतरी उघडावं लागतं. म्हणजे पंतप्रधानाच्या खिशातसुद्धा घराची किल्ली नसते. बकिंगहॅम पॅलेस राणीलाही विकता येत नाही. आणि गावाकडे स्वतःचं घर नसलेल्या पंतप्रधानांची सोय व्हावी म्हणून एका जोडप्याने आपलं चेकर्स नावाचं अख्खं घर देशाला देऊन टाकलं, हे तर तुम्ही दर वेळी तितक्याच नवलाने सांगायचात. आई म्हणायची, तसं एखादं जोडपं आपल्यासाठी बघा की. तुम्ही हसून फाइल मिटायचात.

आपल्या कपाटावर टीव्हीचं, मिक्सरचं, इस्त्रीचं खोकं थर्माकोलसकट रचलेलं असायचं. इथे सगळ्यांच्याच घरी असतं, कधी निघावं लागेल सांगता येत नाही. आणि घर कंपनीचं, म्हणून भिंतीला खिळा ठोकायचा नाही. माझ्या बाराव्या वाढदिवसाला तुम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने ते काळं दार काढून दिलंत. वरचा अर्धगोल झरोका, सिंहाच्या तोंडाची कडी, दहातलं जरासं वाकडं शून्य, सगळं मापात. मी ते फ्रेममध्ये घातलं आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. ऑफिसातून आल्यावर तुम्ही आधी चित्र पाहिलंत, मग खिळा. आवाज चढवला नाहीत. "हे घर आपलं नाही," एवढंच म्हणालात, "निघा म्हटलं की पंतप्रधानसुद्धा दुसऱ्या दिवशी निघतो. आपण कोण?" मी जेवले नाही. खिळा मात्र तुम्ही राहू दिलात.

दोन वर्षांनी तुमची नोकरी गेली आणि महिन्याभरात घर सोडायला सांगितलं. माझी नववीची वार्षिक परीक्षा त्या मुदतीच्या पुढे तीन आठवड्यांवर होती. तुम्ही मला बरोबर घेऊन ऑफिसात गेलात. मुलीला पाहून त्यांना दया येईल असं तुम्हाला वाटलं असावं. टेबलापलीकडचा माणूस मान वर न करता म्हणाला, "रूल में नहीं है, भाई. खलास." तुम्ही पुन्हा विचारलंत. मग तिसऱ्यांदा, हात जोडून. मी खाली फरशी बघत होते आणि मला तुमची लाज वाटत होती. जिन्यात मी म्हटलं, "यू ऑलवेज सेड इट्स नॉट अवर्स. देन व्हाय वेअर यू बेगिंग?" तुम्ही कठड्यावरचा हात काढून खिशात घातलात.

शेवटच्या दिवशी तुम्ही गुडघ्यांवर बसून बोटाने त्या खिळ्याच्या भोकात टूथपेस्ट भरत होतात. आधी कागदाच्या कडेने सपाट केलंत, मग डोळे बारीक करून बाजूने पाहिलंत. इतकं नीट काम करायची काय गरज होती? पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, माझं वाया गेलेलं वर्ष, आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात. फाइल तुम्ही पुन्हा उघडली नाहीत. जिन्यातल्या त्या वाक्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते. पुण्याचे, मुलगी बरोबर, चौदा-पंधराची. बाहेर रिसेप्शनच्या टीव्हीवर तुमचं ते काळं दार दिसत होतं. लंडनमध्ये आणखी एक पंतप्रधान घर सोडत होता. माझं मराठी ऐकून ते गृहस्थ जरा पुढे सरकले. "मॅडम, फक्त हिची एक्झाम होईपर्यंत द्या. तोवर इन्शाल्ला दुसरीकडे काहीतरी होईल." मी म्हटलं, पॉलिसीत बसत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मुलगी फरशीकडे बघत होती. "पपा, लेट्स गो. प्लीज." तिसऱ्यांदा त्यांचे हात जुळायला लागले तशी मी खुर्ची मागे सरकवून उठले. मला ते बघवेना. त्यांना घाईने दारापर्यंत सोडलं आणि वर सांगितलं, की इंग्लंडच्या पंतप्रधानाला तर एक दिवसही देत नाहीत. ते हसले, अगदी तुमच्यासारखे.

काल त्यांच्याच फ्लॅटच्या फॉर्मवर भिंतींपुढे मी 'ठीक' लिहिलं. टूथपेस्ट सापडली की नेहमी 'ठीक'च लिहिते आणि स्वतःला चांगली समजते. पण बाबा, ते पॉलिसीत बसत होतं. शाळेत जाणारं मूल असेल तर दोन महिने वाढवून देता येतात, आणि त्यावर सही माझीच लागते. तो बाप डोळ्यांपुढून लवकर जावा म्हणून मी खोटं बोलले. त्या रिकाम्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मनात आलं, की तुमच्या वेळीही असं एखादं कलम असेल. तुम्ही तर नियमच तसा आहे असं मानून गेलात.

तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. वाचून तुम्ही माझीच समजूत काढली असतीत, की नियमच आहे, त्याला तू काय करणार.