बाबांच्या चेहऱ्यावर वाळत घातलेलं भात

सान रोके, वाडी दुसरी
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय रेमीताईस,

धाकट्या निकानोरचा, तुझा हात कपाळाला लावून नमस्कार (मिलानहून तू हात पुढे करशील असं धरून चाललोय). तुझे गुडघे आणि तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या बाई, सगळं देवाच्या कृपेने ठीक असेल. इकडे तुझी भावजय पेर्ला बरी आहे आणि डुकरिणीला आठ पिल्लं झाली. आई गेल्यावर नवव्या दिवशी निवडणुकीवरून आपलं वाजलं आणि मी तुझं नाव फोनवर बंद करून टाकलं, त्याला अडीच वर्षं झाली. ते परत उघडायचं कसं हे मला येतं. पण आपणहून उघडलं तर माणूस वाकल्यासारखा दिसतो, म्हणून हे पत्र टपालाने.

पहिली बातमी ही की तुझा भाऊ आता अख्ख्या फिलिपिन्सात प्रसिद्ध आहे. तुला ठाऊकच आहे, आमच्या बाबांचा (म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा, आपले खरे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली) या वाडीतला प्रचारप्रमुख मी. त्या वर्षी मे महिन्यात सगळ्यांत जास्त फ्लेक्स मी लावले, चौदा, आणि निवडणूक संपल्यावर धुऊन, घडी करून ठेवले. लोकांनी त्यांची डुकरांच्या खोपटांना छपरं केली, मी नाही केली. पण परवा भात कापलं, पाऊस यायच्या आत वाळवायला हवं, आणि जुनी ताडपत्री उंदरांनी खाल्लेली. तेव्हा मोठ्या रस्त्यावर ते चौदा फ्लेक्स अंथरले आणि त्यावर भात वाळत घातलं. पेर्ला म्हणाली, उलटे घाला. आता तूच सांग ताई, उलटे घातले तर बाबांचं तोंड डांबराला आणि शेणाला लागणार. मी जन्मभर बाबांचा मान राखलेला माणूस, म्हणून चेहरा वर करून अंथरले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपण लहानपणापासून करतो तसं पायाने भात फिरवायला लागलो. कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि परत.

तेवढ्यात खतांचा एक विक्रेता मोटारसायकलवरून चालला होता, त्याने फोनवर चित्रण केलं. दुपारपर्यंत तीस हजार लोकांनी मला बाबांच्या नाकावर चालताना पाहिलं (चाल मात्र ऐटबाज दिसते, हे शत्रूंनीही लिहिलंय). हिरव्यांनी, म्हणजे माझ्याच माणसांनी, मला देशद्रोही ठरवलं. जांभळे, म्हणजे तुझे लोक, संध्याकाळी पँसितच्या शेवयांचं भलंमोठं ताट घेऊन घरी आले. पुढे वेन्सेस्लाओ मास्तर, जे मला रस्त्यात पाहिलं की छत्री आडवी धरत. माझ्या धैर्याबद्दल ते बरंच बोलले. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मी हिरवाच आहे आणि हा सगळा आदराचा प्रकार होता. त्यांनी ताट परत नेलं. अर्धं तोवर आम्ही संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीचा कारभार पाहणाऱ्या कप्तानाने, आन्सेल्मोने, कचेरीत बोलावलं. फोन तिवईवर लावलेला, हातात माफीचा छापील कागद. हा वाच, म्हणाला, म्हणजे प्रचारप्रमुखपद राहील आणि सरकारी बियाण्याच्या यादीतलं नावही राहील. नाहीतर बाबांचा अपमान म्हणजे देशाचा अपमान, आणि त्याचे कागद वर जातात. गेल्या वर्षी मास्तरांनी बाबांचं एक व्यंगचित्र काढलं होतं, तेव्हा त्यांनाही असाच कागद वाचायला लावला होता. त्या वेळी मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, हेही लिहून टाकतो. तर मी वाचायला लागलो. चर्चमध्ये शुभवर्तमान मीच वाचतो, आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. तिसऱ्या ओळीला मजकूर होता की हे कृत्य मी परदेशातल्या माझ्या जांभळ्या बहिणीच्या सांगण्यावरून केलं.

मी थांबलो. कप्तान म्हणाला, "वाच की. ती तिकडे आहे, तिचं काय वाकडं होणार?"

मी म्हटलं, "कप्तान, माझी बहीण मूर्ख आहे. हे मी तुमच्याआधी आणि तुमच्यापेक्षा मोठ्याने सांगितलंय. पण अडीच वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, मी बोलू दिलेलं नाही. खोटं वाचणार नाही."

आणि कागदाची घडी करून त्याच्या टेबलावर ठेवली. बाहेर चालत आलो ते मान वर करून. आपल्या घराण्यात असं आजवर कोणी केलेलं नाही असं मला वाटतं. पद गेलं, बियाणं गेलं, चौदाही फ्लेक्स पुरावा म्हणून जप्त झाले. भात उघड्यावर, आणि वरून पाऊस. तेव्हा मास्तर आले. या वेळी पँसित नव्हतं, भाषणही नव्हतं. त्यांच्या घराची सिमेंटची पडवी त्यांनी मोकळी करून दिली आणि स्वतः पोती उचलली. आम्ही दोघांनी मिळून भात फिरवलं. राजकारणावर बोललो नाही. बोललो असतो तर पोती परत रस्त्यावर गेली असती.

तुझा (माझ्या मते बरोबर असलेला) भाऊ,
निकानोर

ता. क. पुढच्या वेळीही मत मी बाबांनाच देणार आहे. उगाच आशा लावून बसू नकोस.

ता. क. दुसरा. मार्चच्या पिकाला ताडपत्री लागेल. इथे जी मिळते तिच्यावर कुणाचा ना कुणाचा चेहरा असतोच. मिलानमध्ये कोरी मिळत असेल तर बघ. निळी चालेल. हिरवी नको, जांभळीही नको.

ता. क. तिसरा. पेर्ला म्हणते, पेटी बोटीने पाठवली तर वाटेत उंदीर लागतात, माणसाबरोबर आलेली वस्तू धड पोहोचते. शिवाय आईची तिसरी पुण्यतिथी मार्चच्या कापणीच्या आठवड्यातच आहे. हे सगळं पेर्ला म्हणते, मी नाही. तुझी खोली मात्र मी झाडून ठेवली आहे.