चाळीस मिनिटं तापवायचा सिंथेसायझर

मी, नेव्हिल हार्टशोर्न, वय सदुसष्ट, राहणार शेफील्ड, 'कार्डबोर्ड ॲडमिरल्स' या बँडचा एकेकाळचा कीबोर्डवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टर सांगतात. माझी धाकटी बहीण मॉरीन सहमत नाही.

१. राहतं घर मॉरीनला. पहिल्या कार्यक्रमाला आम्हा चौघांच्या डोळ्यांत काजळ तिनेच घातलं, आणि आईला सांगितलं की पोरांचे डोळे आलेत, औषध घातलंय. हे उपकार मी विसरलेलो नाही.

२. ड्रम वाजवणारं यंत्र रॉनी प्लॅटला, सोबत एक हातोडी. रॉनी आमचा ड्रमर. १९८१ साली त्याला काढून आम्ही हे यंत्र आणलं. त्याने दोन्ही वस्तूंचा मनसोक्त उपयोग करावा.

३. रुंद खांद्यांचा चंदेरी कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला. तो घालून मी टीव्हीवर वाजवण्याचं नाटक केलं. गाणं रेकॉर्डवरचं, आणि माझी वायर कशातच खोचलेली नव्हती. ते गाणं देशात नवव्या क्रमांकावर गेलं. त्यानंतरचं एकही पहिल्या शंभरात आलं नाही, हे वाक्य मॉरीनच्या आग्रहाखातर.

४. सिंथेसायझर, म्हणजे माझा विजेवरचा कीबोर्ड, आमचा गायक गॅव्हिन ट्रँटर याला. हे यंत्र गार असलं की सूर धरत नाही. कार्यक्रमाआधी चाळीस मिनिटं चालू ठेवून ते तापवावं लागतं, आणि ते काम माझं होतं. फेब्रुवारी १९८४, लीड्समधला गारठलेला हॉल. मी व्हिनेगर शिंपडलेले तळलेले मासे आणि चिप्स खायला गेलो आणि तापवायचं विसरलो. दर गाण्यात सूर वर सरकत गेला, गॅव्हिन त्याच्यामागे धावला आणि अखेर त्याचा आवाज फाटला. पेपरात छापून आलं, गायकाला गाता येत नाही. मी गप्प बसलो. महिन्याभरात बँड मोडला, आणि चाळीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चूक माझी होती. मला तिची लाज वाटते.

५. (सहीपूर्वी वाढवलेलं.) मॉरीनने मला न विचारता साक्षीदार म्हणून गॅव्हिनलाच बोलावलं. मी त्याला चौथं कलम वाचून दाखवलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या बोटांना व्हिनेगरचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असं वकीलबाईंनी बजावलेलं आहे. मी तसं सांगताच त्याने पेन मागितलं. "तू गेल्यावर ते खोकं घेऊन मी काय करू? आत्ता लाव."

सबब कलम चार रद्द, त्यातली कबुली सोडून. यंत्र तीन वाजून दहा मिनिटांनी चालू केलं आहे. चारला दहा कमी होईपर्यंत कोणीही चिप्स आणायला जाणार नाही.

स्थळ: शेफील्ड, माझं स्वयंपाकघर
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२४
सही: नेव्हिल हार्टशोर्न

साक्षीदार: डोरीन बॅटी, शेजारीण. व्यवसाय: निवृत्त परिचारिका.
साक्षीदार: गॅव्हिन ट्रँटर. व्यवसाय: गायक.

(त्याने 'निवृत्त बसचालक' लिहिलं होतं. ते खोडून दुरुस्ती मी केली आहे. ने. हा.)